वाकलेले पाते: घडीचा चाकू घरच्या घरी सरळ करताना

काजूचा मोसम संपत आला की आपल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या घरांत हत्यारांची आवराआवर सुरू होते. डोंगरावर नेलेले कोयते परत येतात, आंबे-फणस कापून काळ्या पडलेल्या सुऱ्या घासल्या जातात. या पसाऱ्यात एखादा घडीचा चाकू हमखास निघतो. त्याचे पाते एका बाजूला झुकलेले असते, मिटताना मुठीला घासते आणि पुरते आत बसत नाही. कुणी तो खिडकीत ठेवून देतो, कुणी गॅसवर तापवून हातोडी मारतो. खिडकीत ठेवलेला चाकू पुढे दुरुस्त तरी होतो. गॅसवर तापवलेला बहुधा कायमचा जातो.

अनेक घरांत हा चाकू आजोबांचा असतो. कुणाच्या काकांनी तो बोटीवरच्या नोकरीतून आणलेला असतो, कुणाच्या वडिलांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतलेला असतो. नवा चाकू शे-दोनशे रुपयांत मिळेल, पण तो चाकू मिळणार नाही. म्हणून वाकलेले पाते घरी सरळ करता येते का, कधी येते आणि कधी हात लावू नये, हे आम्ही इथे सविस्तर देत आहोत.

पाते का वाकते

चाकू कापण्यासाठी असतो, उचकटण्यासाठी नाही. हे सगळ्यांना माहीत असते आणि तरीही सगळे तेच करतात. नारळाच्या कवडीतून खोबरे सोडवायला, खडकावरची कालवे उघडायला, रंगाच्या डब्याचे झाकण काढायला, क्वचित स्क्रू फिरवायलाही हाताशी असलेला चाकूच वापरला जातो.

यातले गणित साधे आहे. समजा पाते दोन मिलिमीटर जाड आणि सोळा मिलिमीटर रुंद आहे. कापताना जोर रुंदीच्या दिशेने येतो, उचकटताना तो जाडीच्या दिशेने येतो. अशी सपाट पट्टी आडव्या बाजूने वाकवणे हे उभ्या बाजूने वाकवण्यापेक्षा सुमारे ६४ पट सोपे असते. पाते धारेकडे निमुळते असल्याने हा आकडा थोडा बदलतो, पण अर्थ तोच राहतो. ज्या चाकूने सबंध फणस चिरला, तोच चाकू एका झाकणाखाली वाकतो.

पोलादाला थोडे वाकवून सोडले तर ते परत सरळ होते, कारण त्याच्या अंगी स्प्रिंगसारखा ताठा असतो. एका मर्यादेपलीकडे गेले की ते वाकलेलेच राहते. आणखी पुढे गेले की तुटते. पोलाद जितके कडक, तितकी ‘वाकलेले राहणे’ आणि ‘तुटणे’ यांतली जागा कमी. त्यामुळे तुमचे पाते न तुटता वाकले असेल, तर ते फार कडक नाही आणि सरळ होण्याची आशा आहे, एवढे पहिल्याच नजरेत समजते.

खिशातल्या बऱ्याच चांगल्या चाकूंचे पोलाद मुद्दामच मध्यम कडक ठेवतात. परदेशातून येणाऱ्या लाल मुठीच्या स्विस चाकूंचे पाते रॉकवेल मोजपट्टीवर साधारण ५५ ते ५६ असते. ते धारेला लवकर उतरते, पण चटकन तुटत नाही आणि घरच्या दगडावर सहज परजता येते. याउलट ६० च्या पुढचे कडक पाते धार जास्त दिवस धरते आणि आडवा जोर आला की काचेसारखे तडकते. महागडा, फार कडक पोलादाचा चाकू वाकला असेल, तर घरचे प्रयोग त्यावर करू नयेत.

आधी पारख, मग हात

पहिला प्रश्न: पाते खरोखर वाकले आहे का? निम्म्या वेळा दोष पात्याचा नसतो, मुठीतल्या खिळ्याचा असतो. चाकू उघडा, पाठ वर धरून एका डोळ्याने मुठीकडून टोकाकडे पाहा. मग पाते हलकेच डावी-उजवीकडे हलवून बघा. ते मुळाशी लडबडत असेल आणि पात्याची रेघ सरळ दिसत असेल, तर खिळा सैल झाला आहे. त्याचा उपाय वेगळा आहे, तो पुढे येईल.

रेघ वाकडी दिसली तर वाक कुठे आहे ते शोधा. खिडकीची काच किंवा गुळगुळीत फरशीचा तुकडा घ्या. पाते त्यावर एका कुशीवर ठेवा आणि फट कुठे दिसते ते पाहा. मग दुसऱ्या कुशीवर ठेवून पाहा. पाते टोकाकडे पातळ होत जात असल्याने सरळ पात्याखालीही थोडी फट दिसते. म्हणून एका बाजूच्या फटीवरून निर्णय करू नये. दोन्ही बाजूंची फट सारखी असेल तर पाते सरळ आहे. एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी असेल तर वाकलेले आहे. जिथून वाक सुरू होतो आणि जिथे संपतो, तिथे पेन्सिलीने खूण करा.

वाक दोन तऱ्हेचा असतो. एक धनुष्यासारखा, लांबवर पसरलेला. दुसरा कोनासारखा, एकाच जागी मोडल्यागत. पहिला सहसा सुधारतो. दुसऱ्याच्या बाबतीत चीर पडली आहे का हे आधी पाहावे लागते.

चीर शोधायची एक जुनी युक्ती आहे. रेल्वेच्या कारखान्यांत एकेकाळी डब्यांच्या आसांची तपासणी अशीच करत. वाकलेल्या जागी रॉकेल किंवा पातळ तेल चोळा, दहा-पंधरा मिनिटे मुरू द्या, मग कोरड्या फडक्याने अगदी स्वच्छ पुसा. त्यावर खडूची पूड पातळ पसरा आणि थांबा. चीर असेल तर तिच्यात शिरलेले तेल बाहेर झिरपते आणि पांढऱ्या पुडीवर बारीक काळपट रेघ उमटते. रेघ उमटली तर दुरुस्ती तिथेच थांबवावी. चिरलेले पाते सरळ झाल्यासारखे दिसेल, पण पुढे कधीतरी जोर देताना तुटेल आणि तुटलेला तुकडा कुठे जाईल हे सांगता येत नाही.

आता ज्यांना घरी हात लावू नये अशा चाकूंची यादी:

- वाक मुठीच्या अगदी तोंडाशी, खिळ्याला लागून असलेला.
- खडूच्या पुडीवर रेघ दाखवणारा.
- आधी एकदा वाकून सरळ केलेला आणि त्याच जागी पुन्हा वाकलेला. तार चार वेळा इकडेतिकडे वाकवली की तुटते, पात्याचेही तसेच होते.
- गंजाने खोल खड्डे पडलेला. तुटण्याची सुरुवात खड्ड्यातूनच होते.
- उघडल्यावर पाते जागी धरणारी कळ किंवा कडी बिघडलेला.

आणि एक उलट सूचना. वाक जेमतेम एक मिलिमीटरचा आहे, चाकू नीट मिटतो, नीट कापतो, अशी स्थिती असेल तर काहीही करू नये. पेरू कापायला तेवढा वाक आड येत नाही.

आग का नको

‘लोहाराकडे कोयता तापवूनच सरळ करतात, मग चाकू का नाही?’ असे पुष्कळ लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू.

आपल्या डिचोलीच्या शिरगाव, मुळगाव, पाळी, वेळगे या भागांतून निघालेले लोहखनिज जहाजे भरभरून पार जपानपर्यंत गेले. पण धार धरते ते नुसते लोखंड नव्हे, पोलाद. लोखंडात साधारण अर्धा ते एक टक्का कार्बन असला की ते तापवून एकदम थंड केल्यावर कडक होते. लोहार यालाच पाणी देणे म्हणतात. पाणी दिल्याबरोबर पोलाद इतके ठिसूळ असते की पडले तरी फुटेल. म्हणून त्याला पुन्हा हलके तापवून थोडे नरम करतात. कडकपणा आणि चिवटपणा यांचा मेळ या दुसऱ्या तापवण्यात बसतो.

साध्या कार्बनी पोलादाचे घासलेले चकचकीत पाते तापवले तर त्यावर रंग चढत जातात. २२० अंश सेल्सिअसच्या आसपास फिकट गवती पिवळा, २६० च्या सुमारास तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० ला निळा. चाकूचे पाते बहुधा पिवळ्या टप्प्यापर्यंतच नरम केलेले असते. गॅसच्या ज्योतीवर धरलेले पातळ पाते एका मिनिटाच्या आत निळे होते. निळे झाले म्हणजे धारेचे पाणी उतरले. ते पाते सरळ होईल, पण त्यावर कितीही धार लावा, दोन टोमॅटो कापून ती पडेल. धार तर सगळ्यात पातळ, म्हणून सगळ्यात आधी जळते तीच.

लोहाराचे गणित वेगळे आहे. कोयता जाड असतो, पुष्कळदा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांपासून घडवलेला असतो आणि त्याची मूठ काढून ठेवता येते. लोहार तो लाल करतो, सरळ करतो आणि मग नव्याने पाणी देतो. तापवून घालवलेले तो परत आणतो. पोलाद किती तापले हे त्याला रंगावरून कळते, साध्या पोलादाला सुमारे ८०० अंशांची लाली पुरते. आपण गॅसवर फक्त घालवतो, परत आणत नाही.

शिवाय आजचे बहुतेक घडीचे चाकू गंजरोधक पोलादाचे, म्हणजे स्टेनलेसचे असतात. त्यांना कडक करायला हजार अंशांच्या वर नेमके तापमान लागते. गावच्या भात्यावर डोळ्यांनी ते साधणे कठीण. त्यात मुठीचे प्लॅस्टिक, शिंग किंवा लाकूड जळणार ते वेगळेच. म्हणून चाकूच्या बाबतीत नियम एकच: सरळ करायचे ते थंड, दाबून आणि हळू.

गरम पाण्याची मात्र हरकत नाही. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, तेवढ्याने पाणी उतरत नाही. डिसेंबरच्या गार सकाळी काम करणार असाल तर पाते, फक्त पाते, पाच मिनिटे कढत पाण्यात धरावे. फरक थोडाच पडतो, पण नुकसान काही नाही. मूठ बुडवू नये.

तयारी

काम दिवसाउजेडी करावे. पोरांना लांब ठेवावे. डोळ्यांवर चष्मा हवाच. मोटारसायकलवर घालायचा किंवा वेल्डिंगवाल्याकडे मिळतो तो पारदर्शक प्लॅस्टिकचा चालेल. पाते तुटले तर तुकडा उडतो, आणि डोळ्याची भरपाई कुठल्याच चाकूने होत नाही. हातात जाड कातडी मोजे घालावेत.

धारेवर कागदी चिकटपट्टीचे चार-पाच वेढे द्यावेत. धार झाकली की हात वाचतो आणि धारही वाचते.

लागणारे साहित्य घरातले आहे: फणसाच्या किंवा सागाच्या लाकडाचे तीन लहान ठोकळे, सुताराकडचा वाईस असल्यास उत्तम, नसल्यास एक जाड ओंडका आणि करवत. लाकडी हातोडा. लोखंडी हातोडी बाजूलाच ठेवावी. पोलादावर लोखंडाचा घाव बसला की खड्डा पडतो, आणि कडक पाते ऐरणीवर ठोकले तर तडकते.

सरळ करण्याची रीत

वाईस असेल तर तीन ठोकळ्यांची रीत सर्वांत खात्रीची. पात्याची फुगलेली बाजू ज्या अंगाला आहे, त्या अंगाला मधोमध एक ठोकळा ठेवायचा. समोरच्या पोकळ अंगाला दोन ठोकळे, खुणेच्या दोन्ही टोकांशी एकेक. मग वाईस हळूहळू आवळायचा. मधला ठोकळा फुगवटा आत ढकलतो, बाजूचे दोघे टेकू देतात.

इथे तीन गोष्टी जपायच्या.

पहिली, सगळा जोर पात्यावरच यावा, मुठीवर नाही. मूठ धरून पाते वाकवू गेले की वाक तसाच राहतो आणि खिळा सैल होतो. एक काम करायला जाऊन दोन वाढतात.

दुसरी, पाते थोडे पलीकडे न्यावे लागते. नुसते सरळ होईपर्यंत दाबले तर सोडल्यावर ते परत आपल्या जागी येते. म्हणून आधी सरळ रेषेच्या दोन मिलिमीटर पलीकडे न्या, वाईस सैल करा, काचेवर ठेवून पाहा. फरक नाही पडला तर तीन मिलिमीटर, मग चार. कुठल्या आकड्याला पाते ‘ऐकू’ लागते हे प्रत्येक चाकूचे वेगळे असते. ऐकू लागल्यावर मात्र पुढचे पाऊल अगदी लहान ठेवायचे.

तिसरी, उलटीकडे जाऊ नये. जास्त दाबून पाते दुसऱ्या बाजूला वाकले, मग परत इकडे, मग परत तिकडे, असे झाले की त्या जागेचे पोलाद थकते. थोडा वाक उरला तरी चालेल, पण पुढे-मागे नको. नव्वद टक्के सरळ झाले की थांबण्यातच शहाणपण आहे.

दाबताना बारीक ‘टिक्’ असा आवाज आला तर लगेच सोडून द्या आणि खडूची परीक्षा पुन्हा करा.

वाईस नसेल तर ओंडक्याची रीत. ओंडक्याच्या कडेला करवतीने दोन-तीन सेंटिमीटर खोल खाच पाडा, पात्याच्या जाडीपेक्षा किंचितच रुंद. टोकाकडून पाते खाचेत घाला आणि वाकाची खूण खाचेच्या तोंडाशी आणा. बाहेर राहिलेल्या पात्यावर, खाचेच्या शक्य तितक्या जवळ, दुसरा सपाट ठोकळा टेकवून तळहाताने दाबा. चाकू घडीचा आहे हे विसरू नका. पाते एकाएकी मिटले तर बोटे वाटेत असता कामा नयेत, म्हणून मूठ मोकळी ठेवा. वाक लांबवर पसरलेला असेल तर खूण थोडी थोडी सरकवत दोन-तीन ठिकाणी दाबा, एकाच जागी नको. नाहीतर धनुष्याचा कोन होतो.

लाकडी हातोड्याचा उपयोग शेवटच्या थोड्या वाकासाठी. पाते ओंडक्याच्या आडव्या कापावर, फुगवटा वर करून ठेवायचे आणि हलक्या हाताने चार-दोन टोले द्यायचे.

टोक वाकले असेल तर

टोक हा पात्याचा सर्वांत पातळ भाग. दोन-तीन मिलिमीटर टोक वाकले असेल आणि पोलाद मऊ असेल, तर पकडीच्या जबड्यात चामड्याचे तुकडे घालून ते हळूच सरळ करता येते. पण पुष्कळदा ते हातात तुटून येते. तेव्हा हळहळू नये, कारण टोक नव्याने काढणे सोपे आहे.

टोक पाठीच्या बाजूने घासून काढावे, धारेच्या बाजूने नाही. पाठ थोडी उतरती करत नेली की ती धारेला जाऊन मिळते आणि नवे टोक तयार होते. धार जशीच्या तशी राहते. बारीक कानस किंवा खरखरीत दगड पुरतो. कानस पात्यावरून नुसती घसरत असेल, चावत नसेल, तर पोलाद कानशीइतके कडक आहे. तिथे दगडच वापरा. विजेच्या ग्राइंडरचा मोह टाळा, त्याच्या ठिणग्यांत टोक क्षणात निळे होते. वापरायचाच झाला तर दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवावे आणि उघड्या बोटांनी धरावे. बोटाला चटका बसेल तिथे थांबले की पोलादही सुरक्षित राहते. घासताना चाकू पुन्हा पुन्हा मिटून पाहा, टोक मुठीच्या वर राहता कामा नये, नाहीतर खिसा फाटेल.

पाते सरळ, पण धार वळलेली

कधी पाते सरळच असते आणि चाकू तरी कापत नाही. नख धारेच्या बाजूने अलगद खाली ओढले की एका कुशीला ते अडकते. म्हणजे धारेची बारीक कड एका बाजूला वळली आहे. यावर उपाय अगदी घरगुती आहे. लोणच्याची चिनी मातीची बरणी उलटी करा. तळाची जी कड चकाकी न चढवलेली, खरखरीत असते, तिच्यावरून पाते एकदा या कुशीने, एकदा त्या कुशीने, हलक्या हाताने सात-आठ वेळा ओढा. वळलेली कड ताठ होते. बऱ्याच वेळा यानंतर दगड लागतच नाही.

दगडावर धार लावायची असेल तर कोन सांभाळणे हेच खरे काम. कागदाचा कोपरा घ्या, काटकोनाचा. तो एकदा दुमडला की ४५ अंश, पुन्हा दुमडला की साडेबावीस. हा कागदी पाचर दगडावर ठेवून पात्याचा कल त्याच्याशी जुळवून घ्या. खिशातल्या चाकूला दर कुशीला वीस ते साडेबावीस अंश पुरेसे आहेत. एका कुशीने घासत राहा, दुसऱ्या कुशीला मुळापासून टोकापर्यंत बारीक खरखरीत कड लागली की बाजू बदला. शेवटी हलके हलके आलटून-पालटून ओढा. वाकून सरळ झालेल्या पात्याच्या वाकाच्या जागी दगड नीट लागत नाही, तेथे दोन-चार हात जास्त द्यावे लागतात.

खिळा आणि जोड

खिळा सैल असेल तर चाकू उघडून खिळ्याचे एक डोके जड लोखंडावर टेकवा. दुसऱ्या डोक्यावर लहान हातोडीच्या गोल तोंडाने मधोमध नव्हे, तर कडेकडेने अगदी हलके टोले द्या. दर दोन टोल्यांनंतर पाते उघडून-मिटून पाहा. जास्त ठोकले तर पाते जाम होते आणि मग सैल करणे फार अवघड. पाते आणि मुठीच्या पत्र्यामध्ये वहीच्या कागदाची पातळ पट्टी घालून ठोकले तर जेवढी फट हवी तेवढी राहते. ठोकून झाल्यावर ती ओढून काढा. इथे लोखंडी हातोडी चालते, कारण खिळा पितळेचा किंवा मऊ लोखंडाचा असतो. खिळ्याऐवजी स्क्रू असेल तर काम आणखी सोपे.

शेवटी चाकू सावकाश मिटून पाहा. पाते मुठीच्या फटीत मधोमध गेले पाहिजे. एका बाजूला घासत असेल तर धार रोज थोडी थोडी झिजेल. जोडातला जुना मळ दातकोरणीने काढा, साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा. खोबरेल पात्याला चांगले, जोडाला नाही. धुळीबरोबर ते चिकट होते.

आपल्या हवेत निगा

मोरजी, मांद्रे, हरमल, केरी, तेरेखोल या किनारपट्टीवर खारी हवा आणि डिचोलीकडे चार महिन्यांचा पाऊस. दोन्हीकडे पोलादाची कसोटी लागते. गंज चढलेले पाते आतून कमजोर होते आणि पुढच्या वेळी वाकण्याऐवजी तुटते. म्हणून निगा हीसुद्धा दुरुस्तीच आहे.

काजूच्या बोंडांचा रस, कैरी, कोकम, फणसाचा चीक हे पात्यावर राहू देऊ नयेत. बोंडाच्या रसातली तुरट द्रव्ये लोखंडाशी मिळून निळसर काळा डाग पाडतात. डागाने अपाय होत नाही, पण त्यांच्याबरोबरचे आंबट द्रव पाते खाते. काम झाल्याबरोबर धुवून, पुसून, पात्याला खोबरेलाचे बोट फिरवावे. पावसाळ्यात चाकू चामड्याच्या म्यानात किंवा ओलसर फडताळात ठेवू नये. तांदळाच्या डब्याशेजारी, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला राहिला तर बरा.

आदोळी, म्हणजे काही घरांत म्हणतात तो आडाळो, माडावर चढणाऱ्याची काती आणि कोयता यांना वरची दाबण्याची रीत लावू नये. ती जाड हत्यारे आहेत, घरच्या जोराला ऐकत नाहीत आणि ऐकली तर एकदम ऐकतात. त्यांचे घर लोहाराची शाळा. गावोगावचे भाते कमी होत चालले आहेत, तेव्हा जिथे लोहार अजून बसतो तिथे वर्षातून एकदा तरी घरची हत्यारे न्यावीत. पावसाच्या तोंडावर गर्दी असते, पाऊस सरल्यावर गेल्यास त्याला निवांतपणे काम करता येते. नेतानाच सांगावे की घडीचा चाकू तापवायचा नाही.

जाता जाता दोन व्यवहाराच्या गोष्टी. मोप्याहून किंवा दाबोळीहून विमानाने निघताना चाकू हातातल्या पिशवीत ठेवू नये. किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेला इवलासा चाकूसुद्धा तपासणीत काढून घेतात आणि तो परत मिळत नाही. मोठ्या बॅगेत, म्यानात घालून ठेवावा. आणि शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पाती शस्त्र म्हणून मोजतात. घरगुती व शेतीच्या कामासाठी घडवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. खिशातला चाकू या मापाच्या खूपच आत असतो, तरी जत्रेच्या किंवा मिरवणुकीच्या गर्दीत तो खिशात बाळगण्याचे काही कारण नसते.

खंडेनवमीला आपण हत्यारे धुवून पुसून पुजतो. त्याच्या आदल्या आठवड्यात घरातले चाकू एकदा काचेवर ठेवून पाहावेत. कोणता वाकला आहे, कोणाचा खिळा सैल आहे, कोणाला नुसत्या बरणीच्या तळाची गरज आहे, हे दहा मिनिटांत कळते. घरातल्या तरुण मुलामुलींना हे जवळ बसवून दाखवावे: चष्मा लावून, धारेवर पट्टी गुंडाळून, आणि उचकटायला चाकू का घेऊ नये हे सांगत. रंगाच्या डब्यासाठी एक जुना चमचा बाजूला काढून ठेवला, तरी पुष्कळ पाती सरळ राहतील.